घोडीचं कृत्रिम रेतन: ताजं, थंड की गोठवलेलं वीर्य?

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गाईचा हा नियम महाराष्ट्रात शाळकरी पोरांनाही पाठ असतो. घोडीला तोच लावला की वीर्य वाया जातं. गाईचा माज जेमतेम एका दिवसाचा, आणि बीज सुटतं ते माज ओसरल्यावर १०-१२ तासांनी. घोडी ५ ते ७ दिवस माजावर राहते आणि तिचं बीज माज संपायच्या २४ ते ४८ तास आधीच सुटून जातं. त्यामुळे माज कधी सुरू झाला यावरून फारसं काही ठरवता येत नाही. तो कधी संपणार याचा अंदाज आधी बांधावा लागतो.

सुटलेलं बीज १२ तासांच्या आसपास टिकतं आणि त्यातले पहिले ६ ते ८ तास खऱ्या उपयोगाचे. शुक्रजंतूंचं आयुष्य मात्र वीर्याच्या प्रकाराप्रमाणे बदलतं. ताजं वीर्य घोडीच्या गर्भाशयात ४८ ते ७२ तास काम देतं, ५ अंशांवर थंड करून आणलेलं २४ ते ४८ तास, आणि गोठवलेलं १२ ते २४ तास, काही घोड्यांचं त्याहूनही कमी. म्हणून कोणतं वीर्य घ्यायचं हे घोड्याच्या नावावरून ठरवू नका. सोनोग्राफी यंत्र असलेला पशुवैद्यक तुमच्या तबेल्यात दिवसातून किती वेळा येऊ शकतो, ते आधी बघा. दोन दिवसांतून एकदाच येणार असेल तर गोठवलेल्या वीर्याचा विचार सोडून द्यावा.

आधी कागद आणि तपासण्या

घोडी शर्यतीच्या थरोब्रेड जातीची असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. थरोब्रेडमध्ये जगभर फक्त नैसर्गिक संयोगच मान्य आहे. कृत्रिम रेतनातून झालेलं शिंगरू स्टड बुकात, म्हणजे जातीच्या अधिकृत नोंदवहीत, नोंदलं जात नाही आणि शर्यतीत धावू शकत नाही. पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर घोड्या प्रत्यक्ष घोड्याकडे नेल्या जातात त्या याच कारणाने.

सारंगखेडा, अकलूज किंवा माळेगावच्या बाजारातून आणलेली मारवाडी किंवा काठियावाडी घोडी असेल तर जिथे शिंगराची नोंद करायची आहे त्या संस्थेला आधी विचारून लेखी उत्तर घ्या: कृत्रिम रेतनाचं शिंगरू नोंदता का, घोड्याचा आणि घोडीचा डीएनए लागतो का, मायक्रोचिप कधी बसवायची. डीएनएसाठी आयाळीचे किंवा शेपटीचे केस मुळासकट उपटून द्यावे लागतात, कापलेले चालत नाहीत. गोठवलेल्या वीर्यासाठी राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राकडे विचारणा करता येते. केंद्राचं मुख्यालय हिसारला आहे आणि मारवाडीच्या पैदाशीचं काम बिकानेरच्या परिसरात चालतं.

पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर भागातल्या भीमथडी घोड्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांना एक कळकळीची विनंती. ही जात आता स्वतंत्र म्हणून नोंदली गेली आहे आणि धनगरांच्या वाड्यांबरोबर डोंगर-माळ तुडवून घडलेली आहे. केवळ उंची वाढावी म्हणून तिच्यात मारवाडी वीर्य घालू नका. चांगला भीमथडी घोडा शोधा, त्याचं ताजं वीर्य वापरा.

कृत्रिम रेतनाने घोडा-घोडीचा अंगस्पर्श टळतो, पण वीर्यातून जाणारा रोग टळत नाही. घोड्याचा ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शियस ॲनिमिया यांचा अलीकडचा नकारार्थी अहवाल हातात आल्याशिवाय वीर्य स्वीकारू नका. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि तो सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. बाहेरून आयात केलेल्या वीर्याच्या बाबतीत संसर्गजन्य मेट्रायटिस आणि विषाणूजन्य आर्टरायटिस या दोन तपासण्याही बघा.

घोडी तयार आहे का

घोडी दिवस मोठा होऊ लागला की माजावर येते. आपल्या अक्षांशावर हिवाळ्यातला दिवसही ११ तासांच्या आसपास असतो, त्यामुळे अंगाने भरलेल्या बऱ्याच घोड्या थंडीत पूर्ण बंद पडत नाहीत. तरीही जानेवारी-फेब्रुवारीतला पहिला माज फसवा असतो. घोडी दोन-दोन आठवडे माज दाखवत राहते आणि बीज सुटतच नाही. अशा माजावर महागडी मात्रा खर्च करू नये. पहिलं बीज सुटल्याचं सोनोग्राफीत दिसलं की तिथून २१-२२ दिवसांचं चक्र नियमित होतं. लवकर सुरुवात हवी असेल तर १ डिसेंबरपासून दिवसाउजेड धरून एकूण १६ तास प्रकाश द्या, साधारण ६० ते ७० दिवस. १२ बाय १२ फुटांच्या खोलीत १०० वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड पुरतो. खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. वाढीव तास संध्याकाळी द्यायचे.

महाराष्ट्रात फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचं रेतन उत्तम, कारण घोडी ११ महिन्यांनी, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये विते. जुलैत भरवलेली घोडी पुढच्या जूनमध्ये, ऐन चिखलात विते.

घोडीची अंगलट मध्यम हवी. बरगड्या दिसू नयेत पण हात फिरवला की लागाव्यात. हडकुळी घोडी माजावर उशिरा येते आणि राहिलेला गर्भही टिकवत नाही.

मग मागून बघा. निरणाच्या, म्हणजे योनीच्या बाहेरच्या तोंडाच्या, दोन्ही कडा घट्ट मिटलेल्या आणि उभ्या असाव्यात. म्हाताऱ्या घोडीत गुदद्वार आत ओढलं जातं, निरण आडवं पडतं, चालताना हवा आत जाते आणि लिदीचे कणही. कडा हलक्या हाताने बाजूला केल्यावर हवा ओढल्याचा आवाज आला तर रेतनानंतर वरचा भाग शिवावा लागेल हे डॉक्टरांशी आधीच ठरवा. १२-१४ वर्षांवरची, मागच्या वर्षी गाभण न राहिलेली, किंवा वार अडकलेली घोडी असेल तर माजाच्या सुरुवातीला गर्भाशयातून स्वॅब घेऊन जंतू आणि पेशी दोन्ही तपासा. अहवालात पांढऱ्या पेशी दिसल्या तर तो माज उपचारात घालवा. दाह असलेल्या गर्भाशयात चांगलं वीर्य घालून काहीच हाती लागत नाही.

व्यायल्यानंतर ७ ते १२ दिवसांत जो माज येतो त्यावर ताजं वीर्य चालतं, तेही व्यायणं सुरळीत झालं असेल, गर्भाशयात पाणी नसेल आणि बीज दहाव्या दिवसानंतर सुटणार असेल तरच. या माजावर गोठवलेलं वीर्य वापरू नये असं आमचं मत आहे.

माज बघणं आणि सोनोग्राफी

टीझर, म्हणजे माज ओळखण्यापुरता वापरला जाणारा घोडा, मजबूत कठड्याच्या पलीकडे उभा करा आणि घोडीला रोज त्याच वेळी तिथे न्या. माजावरची घोडी शेपटी एका बाजूला घेते, मागचे पाय फाकवून थोडी बसते, थोडंथोडं मुतते आणि निरणाची उघडझाप करते. माजावर नसलेली कान मागे टाकते, किंचाळते, लाथ झाडते. शिंगरू पायाशी असलेली घोडी घाबरून माज लपवते. तिच्या शिंगराला मोतद्दाराने तिच्या नजरेसमोर धरून ठेवावं. पहिल्यांदाच भरवायच्या घोड्याही पुष्कळदा काही दाखवत नाहीत, तिथे यंत्राचाच आधार.

माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी सुरू करायची. फॉलिकल, म्हणजे अंडाशयातला बीज असलेला पाण्याचा फुगा, ३० मिमीच्या पुढे गेला की रोज. तो दिवसाला साधारण ३ मिमी वाढतो आणि ३५ ते ४५ मिमीच्या दरम्यान फुटतो. मापाइतकंच गर्भाशयाकडेही बघा. माज भरात असताना आतल्या घड्यांना सूज येते आणि पडद्यावर गर्भाशय आडव्या कापलेल्या संत्र्यासारखं दिसतं. ही सूज कमी होऊ लागली, गोल फॉलिकल नासपतीसारखा एका टोकाला निमुळता झाला आणि बोटाला मऊ लागला, की बीज सुटायला बहुधा एक दिवसही उरलेला नसतो. सुटल्यावर काळा गोल नाहीसा होतो आणि तिथे वेडावाकडा उजळ डाग दिसतो. दोन्ही अंडाशयं प्रत्येक वेळी पूर्ण बघून घ्या. दोन मोठे फॉलिकल असतील तर ते आजच वहीत लिहा, १४ व्या दिवशीच्या गर्भतपासणीत त्याची गरज पडते.

रोज गाई-म्हशी तपासणाऱ्या हाताला इथे सावध राहावं लागतं. घोडीचं गुदांत्र पातळ आणि नाजूक असतं. ते फाटलं तर घोडी वाचवणं अवघड. भरपूर वंगण लावा, आधी सगळी लीद काढा, घोडीने कळ दिली की हात ढकलू नका, थांबा किंवा बाहेर घ्या. जोर करत राहणाऱ्या घोडीला डॉक्टरांनी गुंगीचं किंवा आतडं सैल करणारं औषध देऊन मगच तपासावं. हातमोजे काढल्यावर त्यावर ताजं रक्त दिसलं तर त्या क्षणी काम थांबवून उपचार सुरू झाले पाहिजेत.

वेळ आपल्या हातात आणणारी इंजेक्शनं

ही सगळी औषधं पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच. मात्रा इथे दिल्या आहेत त्या मालकाला नियोजन समजावं म्हणून.

माज लवकर आणायचा असेल तर प्रोस्टाग्लँडिन: डायनोप्रोस्ट ५ ते १० मिग्रॅ किंवा क्लोप्रोस्टेनॉल २५० मायक्रोग्रॅम स्नायूत. बीज सुटून किमान ५ दिवस झालेले असले तरच ते काम करतं, त्याआधी दिलेलं बहुधा वाया. ३ ते ५ दिवसांत माज दिसतो. देण्याआधी सोनोग्राफी करून दोन गोष्टींची खात्री करा: घोडी गाभण नाही, आणि आधीच मोठा फॉलिकल तयार नाही. तो असेल तर घोडी माज न दाखवताच दोन-तीन दिवसांत बीज सोडून मोकळी होते. इंजेक्शननंतर अर्धा तास घोडीला घाम आणि हलकी पोटकळ येऊ शकते. गरोदर बाईने आणि दम्याच्या माणसाने या औषधाला हात लावू नये, ते कातडीतूनही शरीरात जातं.

बीज ठरल्या वेळी सोडवण्यासाठी एचसीजी हे संप्रेरक, १५०० ते २५०० युनिट शिरेत. फॉलिकल किमान ३५ मिमी आणि गर्भाशयाला ठळक सूज, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्यावर दिलं तर सरासरी ३६ तासांनी बीज सुटतं. सूज नसताना नुसत्या मापावर दिलं की फसतं. एकाच हंगामात वारंवार दिलं तर घोडीच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि असर उतरतो. डेस्लोरेलिन मिळालं तर तेही चांगलं, त्याला साधारण ४० तास लागतात. गाईसाठी मिळणाऱ्या ब्युसेरेलिनचा गाईचाच एक डोस देऊन घोडीत वेळ साधेल, या भरवशावर मात्र राहू नका.

ताजं वीर्य

घोडा त्याच गावात किंवा तास-दोन तासांच्या अंतरावर असेल तर हाच सगळ्यात सोपा मार्ग. यात वेळेची थोडी चूक खपून जाते. एका चक्रात ६० ते ७५ टक्के घोड्या राहण्याची अपेक्षा ठेवता येते.

कृत्रिम योनीचं, म्हणजे वीर्य गोळा करायच्या साधनाचं, आतलं तापमान घोडा चढतेवेळी ४४ ते ४८ अंश असावं. बाटलीला गाळणी लावा, चिकट भाग वेगळा काढा. संकलनाची बाटली, मापक, सिरिंज सगळं ३७ अंशांवर गरम केलेलं असलं पाहिजे. वीर्याला उन्हाचा, पाण्याचा, साबणाचा थेंबही सोसत नाही. दोन-तीन मिनिटांत ३७ अंशांवरच्याच डायल्युएंटमध्ये, म्हणजे वीर्य पातळ करून टिकवणाऱ्या द्रावणात, मिसळा. घरगुती पद्धतीत १०० मिलि निर्जंतुक पाण्याला २.४ ग्रॅम साय काढलेली दूध पावडर आणि ४.९ ग्रॅम ग्लुकोज असं प्रमाण धरतात, सोबत प्रतिजैविक. जेंटामायसिन घातलं तर द्रावण आम्ल होतं, त्याला सोडियम बायकार्बोनेटने सावरावं लागतं. हे टाळायचं असेल तर तयार डायल्युएंट घ्या.

ताज्या वीर्याची मात्रा म्हणजे पुढे सरळ पोहणारे ५० कोटी शुक्रजंतू. समजा गाळल्यावर ६० मिलि वीर्य मिळालं, एका मिलित १५ कोटी शुक्रजंतू आहेत आणि त्यातले ६० टक्के चांगले पोहतात. एकूण ९०० कोटी, कामाचे ५४० कोटी, म्हणजे एका संकलनात दहा घोड्या. फॉलिकल ३५ मिमीचा झाल्यापासून एक दिवसाआड रेतन करा आणि बीज सुटल्याचं दिसलं की थांबा.

थंड करून आणलेलं वीर्य

रात्रभराच्या प्रवासात येण्याजोगा घोडा असेल तर हा पर्याय. यात खरी परीक्षा पाठवणाऱ्याची असते. निघतानाच्या मात्रेत १०० कोटी चांगले शुक्रजंतू हवेत, कारण दुसऱ्या दिवशी त्यातले निम्मेच पोहताना दिसतात. वरच्याच उदाहरणात ६० मिलि वीर्यात २४० मिलि डायल्युएंट घातलं तर ३०० मिलि होतं, एका मिलित ३ कोटी. त्याच्या ६० मिलिच्या पाच मात्रा निघतात. घट्ट वीर्य जसंच्या तसं भरून पाठवलं तर ते वाटेतच मरतं. म्हणून एकास चार असं पातळ करणं हे वीर्य टिकवण्यासाठी असतं, त्याला पाणी घालून फसवणूक समजू नका.

साधारण १९ अंशांपासून ८ अंशांपर्यंत उतरताना शुक्रजंतूंचं कवच सगळ्यात नाजूक असतं. या टप्प्यात तापमान मिनिटाला ०.०५ ते ०.१ अंश इतकंच हळू उतरलं पाहिजे. त्यासाठी बनवलेले खास डबे मिळतात. थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या लादीला टेकवून पिशवी ठेवली तर थंडीच्या धक्क्याने वीर्य जातं. बर्फाची लादी आणि पिशवी यांच्यामध्ये वर्तमानपत्राचे जाड थर हवेत, पिशवीतली सगळी हवा काढलेली हवी. पेटीवर घोड्याचं नाव, संकलनाची तारीख आणि वेळ, एका मिलितली संख्या, निघतानाची हालचाल हे लिहिलेलं नसेल तर पुढच्या वेळी त्या माणसाकडून मागवू नका.

वेळ अशी जमवा: ज्या दिवशी संकलन होणार, त्याच संध्याकाळी घोडीला एचसीजी. दुसऱ्या दिवशी पेटी पोचते, संध्याकाळी रेतन, आणि त्यानंतर १२ तासांच्या आसपास बीज सुटतं. म्हणून घोड्याचे संकलनाचे वार आधी विचारून घ्या आणि ते सांभाळूनच प्रोस्टाग्लँडिनची तारीख ठरवा. पेटी आली की एक थेंब काचपट्टीवर घेऊन ३७ अंशांवर चार-पाच मिनिटं गरम करा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. ३० टक्क्यांच्या वर हालचाल असेल तर पुढे जा. बाकीची मात्रा गरम करायची नाही, थंडच आत सोडायची, घोडीचं शरीर ती गरम करतं. दोन मात्रा आल्या असतील तर दुसरी त्याच पेटीत ठेवून दुसऱ्या दिवशी वापरता येते, फक्त पेटी पुन्हा पुन्हा उघडू नये.

गोठवलेलं वीर्य

हजार किलोमीटरवरचा घोडा, किंवा आता हयात नसलेला घोडा, फक्त याच मार्गाने मिळतो. एका चक्रात ३० ते ५० टक्के घोड्या राहतात, म्हणजे दोन-तीन चक्रांची तयारी ठेवूनच हात घालावा. गोठवल्यावर प्रत्येक घोड्याचं वीर्य सारखं टिकत नाही. पैसे देण्याआधी वितळवल्यावरची हालचाल विचारा. ३० ते ३५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर घेऊ नका.

गाईची कांडी, म्हणजे गोठवलेलं वीर्य भरलेली बारीक नळी, ०.२५ मिलिची, तिच्यात साधारण २ कोटी शुक्रजंतू, आणि एक कांडी पुरते. घोड्याची कांडी बहुधा ०.५ मिलिची, तिच्यात साधारण १० कोटी, आणि एका मात्रेला आठ कांड्या लागतात. एकूण ८० कोटी, त्यातले वितळल्यावर पोहणारे २५ कोटींच्या आसपास. काही केंद्रं वेगळ्या भरणीच्या कांड्या देतात, म्हणून "एक मात्रा म्हणजे किती कांड्या" हे कागदावर लिहून घ्या. गाईच्या सवयीने एकच कांडी सोडली जाणं ही आपल्याकडे नेहमी होणारी आणि पूर्ण टाळता येणारी चूक आहे.

कांड्या उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात बुडलेल्या राहिल्या पाहिजेत. रोज लाकडी पट्टी तळापर्यंत बुडवून काढा, तिच्यावर पांढरं दव जितक्या उंचीपर्यंत येईल तितकं नत्र शिल्लक. पात्राच्या मानेबाहेर बर्फ जमू लागला तर त्याची निर्वात भिंत गेली असं समजून त्याच दिवशी कांड्या दुसऱ्या पात्रात हलवा. पात्र आडवं करू नका, बंद काचांच्या गाडीतून नेऊ नका.

वेळ साधायच्या दोन रीती आहेत. पहिली: एचसीजीनंतर २४ तासांपासून दर ६ तासांनी सोनोग्राफी, आणि बीज सुटल्याचं दिसलं की लगेच पूर्ण मात्रा एकदाच. वीर्य कमी असेल तेव्हा हीच योग्य, पण रात्री दोन वाजता डॉक्टर उभा पाहिजे. दुसरी: मात्रेचे दोन भाग करून एचसीजीनंतर २४ आणि ४० तासांनी घालणं. समजा सोमवारी रात्री ८ वाजता ३७ मिमीचा फॉलिकल आणि चांगली सूज बघून इंजेक्शन दिलं. मंगळवारी रात्री ८ वाजता चार कांड्या, बुधवारी दुपारी १२ वाजता उरलेल्या चार, आणि त्याच वेळी बीज सुटलं का ते बघायचं. खेड्यातल्या तबेल्यासाठी आम्ही दुसरी रीत सुचवतो. मंगळवारच्या भेटीतच बीज सुटलेलं दिसलं तर मात्रा दोन भागांत न करता आठही कांड्या तेव्हाच घाला.

वितळवताना सगळं आधी मांडून घ्या, कारण सुरुवात झाल्यावर थांबता येत नाही.

१. तोंड रुंद असलेल्या थर्मासमध्ये ३७ अंशांचं पाणी, त्यात थर्मामीटर. हाताने अंदाज नको.

२. घोडी खोड्यात, धुवून, पुसून तयार. सिरिंज, नळी आणि रिकामी चाचणी नळी अंगाजवळ धरून किंवा पेटीत गरम ठेवलेली.

३. पात्रातली कांड्यांची लहान बादली मानेच्या कडेखालीच ठेवा. लांब चिमट्याने कांडी उचला आणि ५ सेकंदांच्या आत पाण्यात सोडा. मध्येच हवेत धरून नाव वाचू नका, ते आधी वाचायचं.

४. कांड्या पाण्यात हलवत ३० सेकंद. कांड्यांबरोबर आलेल्या कागदावर वेगळं तापमान-वेळ असेल तर तेच पाळा.

५. प्रत्येक कांडी कोरड्या कापसाने पूर्ण पुसा. कापताना पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्रजंतू फुगून फुटतात.

६. कापसाच्या बुचाचं टोक वर धरून दुसरं टोक कापा, ते चाचणी नळीत धरा, मग वरचं टोक कापून कांडी रिकामी करा. सगळ्या कांड्या एकत्र झाल्यावर एक थेंब तपासायला बाजूला.

७. दहा मिनिटांच्या आत वीर्य घोडीच्या आत गेलं पाहिजे. थेंब नंतर बघितला तरी चालेल.

प्रत्यक्ष रेतन

गाईत एक हात गुदद्वारातून घालून गर्भाशयाचं तोंड पकडतात आणि दुसऱ्या हाताने रेतनाची गन सरकवतात. घोडीत हात योनीतूनच जातो, कारण माजावर तिच्या गर्भाशयाचं तोंड मऊ आणि सैल असतं, बोट सहज जातं. त्यामुळे स्वच्छतेची जबाबदारी कितीतरी जास्त.

शेपटीला पट्टी गुंडाळून बाजूला बांधा. निरण आणि आजूबाजूचा भाग सौम्य साबणाने तीन वेळा धुवा, मधून बाहेर अशा दिशेने, आणि दर वेळी नवा कापूस. साबण पूर्ण काढून कोरडं करा. निर्जंतुक लांब हातमोजा, त्याच्या पाठीवर शुक्रजंतूंना न मारणारं थोडं वंगण. साधी स्वयंपाकघरातली तेलं, साबणाचं पाणी चालत नाही. ५० ते ५५ सेंमीची निर्जंतुक नळी तळहातात लपवून आत न्या, तर्जनी गर्भाशयाच्या तोंडात घाला आणि तिच्या आधाराने नळी २-३ सेंमी पुढे सरकवा. सिरिंज पूर्ण प्लास्टिकची हवी, काळ्या रबराचा दट्ट्या वीर्याला घातक ठरतो. सावकाश दाबा आणि शेवटी थोडी हवा सोडून नळी रिकामी करा.

गोठवलेलं वीर्य फक्त ४ मिलि असतं, ते गर्भाशयाच्या मध्यात सोडण्यापेक्षा ज्या बाजूला फॉलिकल आहे त्या बाजूच्या शिंगाच्या, म्हणजे गर्भाशयाच्या फाट्याच्या, टोकाशी सोडणं चांगलं. त्यासाठी ७५ सेंमीची लवचीक नळी लागते. गाईची गन तिथवर पोचत नाही आणि ताठ असल्याने इजा करते. नळी तोंडातून आत गेल्यावर दुसरा हात गुदद्वारातून घालून तिला शिंगात वळवतात. सवय नसलेल्याने हे वीर्याशिवाय आधी शिकून घ्यावं.

नंतरचे दिवस

वीर्य, विशेषतः गोठवलेलं, गर्भाशयात दाह निर्माण करतंच. निरोगी घोडी तो एका दिवसात साफ करते. २४ तासांनी सोनोग्राफीत २ सेंमीपेक्षा खोल पाणी दिसलं तर तिला मदत लागते: ऑक्सिटोसिन १० ते २० युनिट, दर ४ ते ६ तासांनी, आणि एक-एक लिटर कोमट रिंगर लॅक्टेटने धुणं, परत येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. रेतनानंतर ४ ते ६ तास झाले की धुतल्याने गर्भधारणेला धोका नसतो, कारण तोवर कामाचे शुक्रजंतू बीजनलिकेत चढलेले असतात आणि गर्भ सहाव्या दिवसाच्या आसपास गर्भाशयात उतरतो. जुन्या घोडीत हे न करणं हेच चांगलं वीर्य वाया जाण्याचं मोठं कारण असतं. त्या दिवशी घोडीला बांधून ठेवू नका, फिरवा. चालण्याने गर्भाशय निचरतं.

बीज सुटल्यापासून १४ व्या दिवशी गर्भतपासणी. ती पुढे ढकलू नका, कारण जुळं असेल तर १६ व्या दिवसापर्यंत गर्भ गर्भाशयात फिरत असतात आणि दोन वेगळे करून एक दाबून फोडता येतो. घोडीत जुळं बहुतेक वेळा शेवटच्या महिन्यांत गर्भपाताने संपतं आणि घोडीही धोक्यात येते. एक गर्भ दिसला आणि वहीत दोन फॉलिकलची नोंद असेल तर दोन दिवसांनी पुन्हा बघा, धाकटा मागून दिसतो.

२५ ते २८ व्या दिवशी हृदयाचा ठोका. ३५ व्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयाच्या भिंतीत संप्रेरक तयार करणाऱ्या वाट्या उगवतात, आणि त्यानंतर गर्भ गेला तरी घोडी १२० दिवसांपर्यंत नीट माजावर येत नाही. म्हणून काही बिघाड आहे का हे ३५ च्या आतच पक्कं करायचं. पुढे ४५ आणि ६० व्या दिवशी एकेकदा.

१४ व्या दिवशी काहीच दिसलं नाही, १६ व्या दिवशी पुन्हा बघूनही नाही, तर नव्या चक्राची तयारी करा. गोठवलेल्या वीर्याने दोन नीट साधलेल्या चक्रांत राहिली नाही तर तिसरी मात्रा फोडण्याआधी गर्भाशयाचा स्वॅब आणि बायॉप्सी करून घ्या, आणि जवळपास चांगला घोडा असेल तर त्या हंगामापुरतं ताज्या वीर्यावर या. राहिली असेल तर वहीत रेतनाची नव्हे, बीज सुटल्याची तारीख ठळक लिहा आणि तिथून ३४० दिवस मोजा. ३२० व्या दिवसापासून रात्री कासेवर नजर ठेवणारा माणूस लागेल.